आत्याच्या बीपीच्या गोळ्या
आज वाशीला आत्याकडे गेले होते, म्हणाली रीडिंग आता १२८/८० येतंय मग गोळी कशाला घेऊ, म्हटलं अगं गोळी चालू आहे म्हणूनच येतंय ना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही करायची. आणि ओट्यावर लो सोडियम मिठाचं पाकीट, बीपीला चांगलं म्हणून शेजारणीने दिलेलं, पण त्यात पोटॅशियम असतं आणि आत्याच्या बीपीच्या गोळीने, टेल्मिसार्टनने, ते रक्तात आधीच वाढू शकतं, किडनी कमजोर असेल तर जास्तच. मला काळजीच वाटली, लगेच डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले साधंच मीठ वापरा पण कमी. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळीपण मनाने नको, त्याने बीपी चढतं. पुढच्या आठवड्यात पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनी नीट चालतेय का ते बघायची) टेस्ट, मीच नेणार आहे तिला.