बँकॉक: राजवाडा बंद नसतो, दारापर्यंत चालत जा

बँकॉकच्या राजवाड्याबाहेर कुणी तुम्हाला सांगितलं की "आज सकाळी बंद आहे, एक वाजता उघडेल", तर तो माणूस खोटं बोलतोय. त्याच्या गळ्यात ओळखपत्र असेल, शर्ट कडक इस्त्रीचा असेल, तो हात जोडून नमस्ते म्हणेल. तरीही खोटंच बोलतोय. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र डोक्यात ठेवून जा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यापायी 9,800 बाट गेले आणि पाचातला एक दिवस गेला.

गणपती झाल्यावर, सप्टेंबर 2025 मध्ये, मी आणि ताई सोलापूरहून निघालो. आम्ही दोघी रोज तास-दीड तास चालणाऱ्या आहोत. ज्यांना दमट उन्हात चार-पाच किलोमीटर जमणार नाहीत, त्यांनी माझे सल्ले जसेच्या तसे उचलू नयेत. पायात रुळलेले बूट, पिशवीत छत्री आणि पाण्याची बाटली तुमच्याकडे असणारच, असं समजून लिहिते.

निघण्याआधीची एक गोष्ट. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये शिरण्यासाठी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. तो पूर्ण फुकट आहे. पण नेटवर शोधलं की त्याचे पैसे मागणाऱ्या भलत्याच साइट समोर येतात. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट डॉट गो डॉट टीएच असा असतो, तो बघूनच भरा. व्हिसाचे नियम मात्र सारखे बदलतात, ते निघायच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या साइटवर पुन्हा पाहा.

सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात यायला टॅक्सीची काही गरज नाही. विमानतळाच्या तळमजल्याखालून रेल्वे सुटते, 45 बाटमध्ये अर्ध्या तासात फाया थाय स्टेशनला सोडते, तिथून उंचावरून धावणारी बीटीएस रेल्वे मिळते. एका बाटला आमचे पावणेतीन रुपयांच्या आसपास पडले, म्हणजे सव्वाशे रुपयांत शहरात. पहिला दिवस मजेत गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

आता दुसरा दिवस.

राजवाड्याला मेट्रोने जायचं तर सनाम चाय स्टेशनवर उतरायचं. सनाम म्हणजे मैदान आणि चाय म्हणजे आपला जय. स्टेशन आतून एखाद्या दरबारासारखं सजवलंय, ते बघण्यात पाच मिनिटं घालवा. बाहेर आलात की आधी वाट फो (वाट म्हणजे देऊळ) लागतं आणि मग राजवाड्याची पांढरी भिंत सुरू होते. खरी अडचण इथेच आहे. ही भिंत चारी बाजूंनी मिळून 1,900 मीटर आहे आणि पर्यटकांना आत सोडणारं दार उत्तरेच्या बाजूला, ना फ्रा लान रस्त्यावर. तुम्ही येता दक्षिणेकडून. म्हणजे खऱ्या दाराशी पोचेपर्यंत तुम्हाला वाटेत एकामागून एक बंद दारं दिसतात, पुढे शिपाई उभे. त्या बंद दारांपाशीच ही माणसं थांबलेली असतात. "बंद आहे" हे ते सांगतात तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर खरोखरच एक बंद दार असतं. मग विश्वास बसणारच.

आम्हाला भेटलेले गृहस्थ पन्नाशीचे होते. बोलणं अतिशय आर्जवी. भिक्खूंची प्रार्थना चालू आहे, एक वाजेपर्यंत परदेशी लोकांना प्रवेश नाही, असं म्हणाले. आमच्याच हातातला नकाशा घेऊन त्यावर पेनाने तीन गोल केले: एक छोटं देऊळ, एक उभी मोठी बुद्धमूर्ती आणि एक "सरकारी निर्यात केंद्र", जिथे म्हणे सवलतीचा आजचा शेवटचा दिवस. हात केल्याबरोबर टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, आली. तिन्ही ठिकाणांचे मिळून 40 बाट. बँकॉकमध्ये टुकटुक 40 बाटमध्ये तीन ठिकाणं फिरवत नाही, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे. भाडं इतकं कमी ऐकलं की समजा, ते पैसे दुसरं कुणीतरी भरतंय आणि तुमच्याकडून वसूल करणार आहे. दुकानात गिऱ्हाईक नेऊन सोडलं की चालकाला पेट्रोलचं कूपन किंवा कमिशन मिळतं. सगळा खेळ त्यावर चालतो.

पहिल्या देवळात चिटपाखरू नव्हतं. फक्त एक गृहस्थ बसले होते. आपण शाळेत शिकवतो म्हणाले, सहज गप्पा मारल्या आणि बोलता बोलता त्याच निर्यात केंद्राचा विषय काढला. तिथून नीलम घेऊन परदेशात विकला, दुप्पट पैसे आले, असं त्यांचं सांगणं. दोन अनोळखी माणसं, एकमेकांशी संबंध नाही, आणि दोघंही तेच सांगतात. आमची शंका तिथेच संपली. हा दुसरा माणूसही त्यांचाच असतो. हे मला घरी आल्यावर कळलं.

दुकानात थंडगार एसी, गार पाणी, आणि काउंटरवरच्या बाईंना "शनी" हा शब्द माहीत. रास विचारली. ताईची मीन, साडेसाती चालूच. त्यांनी एक निळा खडा काढला, बिजागरीच्या दिव्याखाली धरला आणि 24,000 बाट सांगितले. आम्ही उठलो की किंमत उतरायची. दारापर्यंत गेलो तेव्हा 9,800 झाली होती. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. सुमारे 27 हजार रुपये कार्डावरून गेले. सोलापुरात आमच्या नेहमीच्या सराफांनी भिंग लावून दोन मिनिटांत सांगितलं, खडा प्रयोगशाळेत केलेला आहे. बँकेने हात वर केले, कारण पिन आम्हीच टाकला होता. ताई अजून त्यावर बोलत नाही.

म्हणून सांगते: बँकॉकमध्ये रत्न, खडा, सोनं, शिवलेला सूट यांतलं काहीही कुणी नेऊन दाखवलेल्या दुकानातून घेऊ नका. प्रमाणपत्र दिलं तरी नाही, "सरकारी" लिहिलेलं असलं तरी नाही. फसलातच तर त्याच दिवशी 1155 वर फोन करा. हे पर्यटक पोलिसांचं आहे आणि तिथे इंग्रजी चालतं. तुम्ही देशात असेपर्यंतच काही होण्याची शक्यता असते. आम्हाला कळलं तेव्हा आम्ही सोलापुरात होतो.

टुकटुकवाल्याने आम्हाला दुकानाशीच सोडून दिलं होतं. दुसरी गाडी करून राजवाड्याच्या खऱ्या दाराशी आलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. तिथे पाटी होती: राजवाडा रोज उघडा असतो, अनोळखी लोकांवर विश्वास ठेवू नका. दारापर्यंत आलेल्यालाच ती दिसते.

तिकीट 500 बाट, आणि ते साडेआठ ते साडेतीनपर्यंतच मिळतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बिनबाह्यांच्या कुडत्यावर ओढणी घेऊन चालवून घेऊ म्हणाल तर अडवतील. पूर्ण बाह्यांचा सैलसर सलवार-कुडता घाला, काही प्रश्न येत नाही. त्याच तिकिटात सोमवार ते शुक्रवार खोनचा, म्हणजे मुखवटे घालून करतात त्या रामकथेच्या नाट्याचा छोटा प्रयोगही धरलेला असतो. तो आमचा बुडाला. राजघराण्याच्या समारंभामुळे एखादा दिवस काही भाग खरोखर बंद ठेवतात, पण ते राजवाड्याच्या साइटवर लिहिलेलं असतं. आदल्या रात्री बघा. रस्त्यावर कुणाला विचारू नका आणि कुणी न विचारता सांगितलं तर थांबू नका. हसून उत्तर देऊ नका, कुठून आलात तेही सांगू नका. आपल्याला हे उद्धटपणाचं वाटतं, पण राजवाड्याच्या भिंतीलगत तेवढा उद्धटपणा करा. बाकी शहरात लोक इतके सौजन्याने वागतात की तिथे त्याची वेळ येत नाही. तिथे आपण वाट विचारायची, ते सांगतात. भिंतीलगत मात्र तेच आपल्याकडे येतात.

नदीच्या धक्क्यांवर याच प्रकाराचं सौम्य रूप आहे. साथोर्न धक्क्यावर उतरलात की पर्यटकांच्या निळ्या झेंड्याच्या महाग बोटीकडे आणि खासगी लांब नावांकडे वळवणारे लोक असतात. तुम्ही नारिंगी झेंड्याची बोट विचारा. 16 बाट, कुठेही उतरा. था चांग धक्क्यावर उतरलात तर राजवाड्याचं खरं दार अगदी जवळ आहे आणि ती बंद दारांची भिंत लागतच नाही. आता मी कुणालाही हाच मार्ग सांगते, मेट्रोचा नाही. समोरच्या काठावर वाट अरुणला जायला था तियेन धक्क्यावरून पलीकडे नेणारी होडी आहे, 5 बाट. टॅक्सीचा मीटर 35 बाटपासून सुरू होतो, पण राजवाड्याच्या आसपास उभे असलेले मीटर टाकत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका, दोन चौक पुढे जा आणि चालती टॅक्सी थांबवा किंवा ग्रॅब या ॲपवरून गाडी मागवा. एटीएम परदेशी कार्डावर दर खेपेला 200 बाटच्या वर कापतं, तेव्हा एकदाच काय ते काढा, आणि यंत्राने "रुपयांत की बाटमध्ये" विचारलं तर बाट. रुपये निवडलेत की दर त्यांचा लागतो.

शाकाहारी लोकांनी जेवणाची धास्ती घेऊ नये. नुसतं "व्हेज" म्हणालात तर वरून माशाचा सॉस, नाम प्ला, पडतोच. त्यांच्याकडे शब्द आहे "मांगसाविरत". हा आपला मांसविरती, त्यामुळे एकदा ऐकला की विसरत नाही. त्याहून कडक म्हणजे "जे". पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, आपल्याला ते इंग्रजी 17 सारखं दिसतं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. ताईचा चातुर्मास चालू होता आणि परदेशात कांदा-लसणाविना भरपेट जेवता येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या पाटीच्या दुकानांत आम्ही रोज जेवलो, 60-70 बाटमध्ये भात आणि दोन भाज्या.

तिसरा आणि चौथा दिवस चांगला गेला. वाट फोमधला 46 मीटरचा निजलेला बुद्ध पाहिला, त्याच्या तळव्यांवर शिंपल्याच्या कामात 108 शुभचिन्हं आहेत. दुपारी पाऊस कोसळायचा, सप्टेंबरात तो येणारच, म्हणून बाहेरचं सगळं बारापर्यंत उरकायचं.

पण मन राजवाड्यातच अडकलं होतं. त्या दिवशी आम्ही तासाभरात सगळं पळत पाहिलं होतं. शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं होतं. ताई सकाळी सहाला उठून म्हणाली, "चल, पुन्हा जाऊ." पुन्हा 500-500 बाट. ते मी आनंदाने दिले, आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही द्या.

नारिंगी झेंड्याच्या बोटीने था चांगला उतरलो. धक्क्यापासून दारापर्यंत एवढ्याशा अंतरातही एकजण आलाच, "मॅडम, टुडे क्लोज्ड". ताई त्याच्या बाजूने सरळ पुढे गेली. साडेआठला आत होतो.

आत गेल्यावर सगळे पाचूच्या बुद्धाकडे धावतात. मूर्ती पाचूची नाही, दुसऱ्याच एका हिरव्या दगडाची आहे, उंची 66 सेंटीमीटर, आणि तिची वस्त्रं ऋतूनुसार वर्षात तीनदा बदलतात. आपल्याकडच्या देवांचे पोशाख पाहिलेल्यांना ते लगेच आपलंसं वाटेल. तिथे फोटो काढू देत नाहीत. पण तिथली रांग थोडी कमी होईपर्यंत तुम्ही आधी भोवतीच्या ओवरीत जा. तिथे रामकियेन आहे, त्यांचं रामायण, 178 चित्रांत. उत्तरेच्या दारापाशी सुरुवात होते आणि प्रदक्षिणेच्या दिशेने कथा पुढे सरकते. आदल्या खेपेला आम्ही मध्येच कुठून तरी घुसलो होतो, त्यामुळे काही लागलंच नाही. या खेपेला पहिल्या चित्रापासून गेलो: जनक राजा, नांगर, आणि सीता. त्यांच्या कथेत ती रावणाचीच मुलगी आहे. रावणाचं नाव थोत्सकान, म्हणजे दशकंठ, आणि चेहरा हिरवा. हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी नाही, सेतू बांधताना त्याला सुवर्णमत्स्या ही जलपरी भेटते. ताई तिथे बराच वेळ थांबली.

ओवरीवर छप्पर आहे, ऊन-पावसाचा त्रास नाही. संपूर्ण फेरीला आम्हाला दोन तास लागले. दहाच्या सुमाराला मोठे गट येतात आणि मग चित्रासमोर उभं राहता येत नाही, तेव्हा पहिली साठ-सत्तर चित्रं त्याआधी पाहून घ्या. बसायला मध्ये कठडा आहे. पाणी भरून न्या.