एकच लॅपटॉप, दोन डेस्कटॉप

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. आमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि धडधाकट मशीन भंगारात काढायला माझं मन धजेना. म्हणून त्यावर फेडोरा लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली टाकली. डेस्कटॉप, म्हणजे पट्टी, खिडक्या, मेनू असं पडद्यावर दिसणारं सगळं, घेतला केडीई या प्रकल्पाचा, प्लाझ्मा नावाचा. गंमत म्हणजे १४ ऑक्टोबर हाच केडीईचा वाढदिवस. १९९६ मध्ये त्या दिवशी जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माटियास एट्रिश या विद्यार्थ्याने इंटरनेटवर हाक दिली होती: युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीवर सामान्य माणसालाही वापरता येईल, सगळे प्रोग्रॅम एकाच वळणाचे वाटतील, असा डेस्कटॉप करूया, कोण येतंय? त्याच प्रकल्पाची सध्याची पिढी, प्लाझ्मा ६, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली.

प्लाझ्माबद्दल जो तो एकच सांगतो, हवं ते बदलता येतं. व्हिडिओ बघाल तर काचेसारख्या पट्ट्या, डुलणाऱ्या खिडक्या आणि गरगर फिरणारा घन. मीही हे सगळं लावून पाहिलं. खिडकी ओढली की ताटलीतल्या जेलीसारखी थुलथुलते. मजा आली, आणि दुसऱ्या दिवशी काम करायला बसल्यावर आधी तेच बंद केलं. माझ्या मते प्लाझ्माची खरी करामत कुणी फोटोही काढणार नाही अशा रटाळ सेटिंगांत आहे.

मी गोव्यातल्या फोंड्याच्या एका छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. जत्रांचा हंगाम तोंडावर आला की स्मरणिका, नाटकांची हस्तपत्रकं, देवस्थानांचे अहवाल, सगळं एकदम अंगावर येतं. डावीकडे लेखकाच्या हस्तलिखिताचं स्कॅन, उजवीकडे टाइप केलेला मजकूर, आणि नजर सतत इकडून तिकडे. विंडोजवर मी पडद्याचे निम्मे-निम्मे भाग करायचे. पण हस्तलिखिताला कमी जागा पुरते, मजकुराला जास्त लागते. प्लाझ्मात मेटा, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ, आणि टी एकत्र दाबलं की पडदा कप्प्यांत विभागलेला दिसतो. मधली रेघ माउसने धरून सरकवायची. मी डावा कप्पा अरुंद केला, उजवा रुंद, आणि उजव्याच्या तळाला शब्दकोशासाठी एक बुटका कप्पा काढला. मग शिफ्ट दाबून कुठलीही खिडकी ओढली की ती त्या कप्प्यात नेमकी जाऊन बसते. कप्पे तसेच राहतात, रोज मांडामांड नाही.

दुसरं सेटिंग कीबोर्डचं. मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळरचनेवर, टाइप करते. मराठीची ती रचना यादीत होतीच, वेगळं काही उतरवून घ्यावं लागलं नाही. खरी सोय त्याच पानावर आहे: भाषा सगळीकडे एकदम बदलायची, की प्रत्येक खिडकीपुरती? मी खिडकीपुरती निवडलं. आता मजकुराच्या खिडकीत गेलं की मराठी, ईमेलच्या खिडकीत गेलं की इंग्रजी. छापखान्याला निरोप लिहायला घ्यावा आणि पडद्यावर ‘गतूस’सारखं काहीतरी अगम्य उमटावं, हा डोक्याचा ताप संपला.

लॅपटॉपचे दुसरे धनी म्हणजे आमचे सासरे, अण्णा. निवृत्त शिक्षक. सकाळी चहाबरोबर मराठी वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्या वाचणार आणि संपादकांना पत्रं लिहिणार. त्यांना वेगळं खातं काढून दिलं. माझी प्रोग्रॅम आणि घड्याळ दाखवणारी पट्टी डाव्या कडेला, बारीक, खिडकी जवळ आली की लपणारी. त्यांची खाली, जाडजूड, कायम दिसणारी, घड्याळ ठळक. त्यांची बोटं थोडी थरथरतात, त्यामुळे डबल क्लिकमधला पहिला क्लिक लागतो आणि दुसऱ्यापर्यंत माउस हलतो. मग फाइल उघडण्याऐवजी भलतीकडेच सरकते. प्लाझ्मा ५ मध्ये एका क्लिकवर फाइल उघडणं हीच मूळ पद्धत होती. सहाव्या पिढीत डबल क्लिक आला, पण जुनी पद्धत सेटिंगमध्ये ठेवलेली आहे. ती लावली आणि अण्णांची चिडचिड थांबली.

माउसचा बाण त्यांना सापडत नाही ही जुनी तक्रार. एकदा वैतागून त्यांनी माउस गदागदा हलवला आणि बाण फुगत फुगत चांगला तळहाताएवढा झाला. “अगो, हे काय झालं बघ! मी काही मोडलं नाही हां!”

“काही मोडलं नाही अण्णा, सापडावा म्हणून मोठा होतो तो.”

तेव्हापासून गरज नसतानाही हलवून बघतात. घरी पाहुणे आले की त्यांनाही दाखवतात.

इतकी मोकळीक दिली की पसाराही होतोच. सेटिंगांचं जंगल आहे. नाव ठाऊक असेल तर वरच्या शोधपेटीत टाकावं, नाहीतर वाट चुकलीच समजा. मराठी निवडलं तर काही पाट्या मराठीत आणि काही इंग्रजीत दिसतात, म्हणून मी इंग्रजीच ठेवलं; अण्णांनी मात्र हट्टाने मराठी लावून घेतलं. एक बटण फार कामाचं आहे: मूळ अवस्थेपेक्षा वेगळी असलेली सेटिंगं ते खूण करून दाखवतं. अण्णा ‘आपोआप बदललं’ म्हणाले की मी आधी ते दाबते.

तयार थीम, म्हणजे डेस्कटॉपचं सगळं रूप एकदम बदलणारे संच, मात्र उचलून लावू नका. सेटिंगमधूनच त्या उतरवता येतात म्हणून त्या निर्धोक वाटतात, पण काही थीमसोबत चालणारा कोडही येतो. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीमने एका वापरकर्त्याच्या सगळ्या फाइली पुसल्या, आणि केडीईच्या मंडळींना जाहीर इशारा द्यावा लागला. रंग, फाँट आणि वॉलपेपर आपल्या हाताने बदलले तर एवढी जोखीम नसते.

फोन लॅपटॉपला जोडण्यासाठी केडीई कनेक्ट हे अ‍ॅप आहे. दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर असली की फोनवर कॉपी केलेलं लॅपटॉपवर पाठवता येतं, फाइल इकडून तिकडे जाते, आणि उशीखाली हरवलेला फोन लॅपटॉपवरून वाजवता येतो. आमच्याकडे या शेवटच्याचाच वापर जास्त.

साखळी गावची माझी नणंद आता विचारतेय, तिच्याकडेही असाच जुना लॅपटॉप आहे. तिला सांगितलंय, लगेच काही पुसू नकोस. फेडोराची केडीई आवृत्ती पेनड्राइव्हवर घालून तिथूनच चालव; वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपास. तिच्या ऑफिसचं एक हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. ते ती घरी वापरते की नाही, यावर सगळं अडलंय. रविवारी येणार आहे, तेव्हा पेनड्राइव्ह तयार ठेवते.