शाळेतले दिवे मंद का जळत होते

आमच्या घरी सौर दिवे आले ते आईच्या खोकल्यामुळे. साध्या वातीच्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के काजळी होऊन हवेत जातं, हे कळल्यावर भिंतीवरच्या काळ्या पट्ट्याकडे बघवेना.

घरचं काम एका दिवसात उरकलं. ४० वॅटचं पॅनेल, ५ वॅटचे ३ एलईडी. रोज ५ तास लावले तर ७५ वॅट-तास लागतात. लख्ख ऊन असलं की पॅनेल त्याच्या दुप्पट देतं. ढगाळ दिवसांसाठी बॅटरी मात्र १२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवरची, म्हणजे ४८० वॅट-तासांची घेतली. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही, हे धरूनही ३ रात्री निघतात.

शाळेत मात्र अडलं. संध्याकाळच्या अभ्यासाला मुली चिमणीवर इतक्या वाकून बसायच्या की केसांची बट पेटेल अशी धास्ती वाटे, म्हणून तिथे दिवे हवेच होते. बॅटरी कार्यालयात, वर्ग २० मीटर लांब. ५ दिवे लावले आणि सगळे मिणमिणते! बसवणारा म्हणाला, बॅटरी बदला. बाई तयारही झाल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, एक दिवस थांबा," आणि मल्टिमीटर आणला. बॅटरीपाशी १२.४ व्होल्ट, दिव्यापाशी जेमतेम ११. दोष वायरचा होता. १ चौरस मिलिमीटरची तार, जाऊन-येऊन ४० मीटर, त्यातून २ अँपिअर प्रवाह. जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जात होता. २३० व्होल्टला एवढी घट जाणवत नाही, १२ व्होल्टला ती फार असते. ४ चौरस मिलिमीटरची तार ओढली आणि घट अर्ध्या व्होल्टच्या आत आली.

पुढे दोनच महिन्यांत दिवे लवकर विझू लागले. कुणीतरी चार्ज कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीचं भरणं-उतरणं सांभाळणाऱ्या डबीला, वगळून थेट बॅटरीच्या टोकांवरून मोबाइल चार्ज करत होतं, त्यामुळे ती रोज तळाला जात होती. रागावून उपयोग नव्हता; मोबाइलही गरजेचाच. चार्जिंगची जागा कंट्रोलरच्या लोडवर, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या टोकांवर, काढून दिली. आता बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरली की तो वीज आपोआप तोडतो.

बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर महिन्यातून एकदा बाई स्वतः बघतात. पॅनेल पुसायचं काम सातवीच्या मुलांकडे आहे. घरी आईने गेल्या आठवड्यात रॉकेलचा डबा धुऊन उन्हात पालथा घातला.