थिएटरमधलं जंगल आणि आईचं फडकं

मागच्या रविवारी आईला घेऊन एका नव्याने रिनोव्हेट केलेल्या मल्टिप्लेक्सला गेले होते. नाव नाही सांगत, पण थीम होती 'जंगल'. लॉबीत शिरल्या शिरल्या छतापासून लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या वेली, तिकीट बघणाऱ्या पोराच्या मागे फायबरचा खडक आणि त्यावर निळ्या एलईडीचा धबधबा. आईने वर बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "एवढ्या पानांवर फडकं कोण मारतं गं?" आणि खरंच की, धूळ बसून बसून हिरव्याचं करडं झालेलं.

मी इंटिरियरची कामं करते त्यामुळे सिनेमा सोडून भिंती बघत बसायची खोड आहेच. आत तर पडद्याच्या अगदी शेजारी दोन्ही बाजूंना चकचकीत पोपटी पॅनल! आता पडद्यावरचा उजेड त्या भिंतींवर पडणार, तिथून उलटून परत पडद्यावर येणार, म्हणजे मग काळं ते काळं राहत नाही, पांढुरकं दिसतं, वर हिरवट झाक येते ती वेगळीच. म्हणून तर पडद्याच्या आसपास मॅट आणि गडद रंग लावतात. जंगल करायचंच होतं तर रात्रीचं करायचं ना.

बरं, निसर्ग थिएटरात आणायची हौस काही आजची नाही. जॉन एबरसन नावाच्या आर्किटेक्टने 1923 साली अमेरिकेत ह्यूस्टनला मॅजेस्टिक थिएटर केलं, त्यात बाजूच्या भिंती म्हणजे इटलीतल्या बागेचा देखावा आणि वर साधं गुळगुळीत प्लास्टर निळं रंगवून त्यात बारीक बल्ब, चांदण्या म्हणून. पुढे अशा थिएटरांची लाटच आली, मशीनने छतावर ढग सरकवायचे, कुठेकुठे पेंढा भरलेले पक्षीसुद्धा ठेवायचे (हे मला झेपत नाही, पण असो). पॅरिसचं 1932 चं ग्रां रेक्स याच जातीचं. गंमत म्हणजे झुंबरं आणि नक्षीकामापेक्षा हे आकाश स्वस्त पडायचं. आणि मला आवडतं ते हे की सिनेमा सुरू व्हायच्या वेळी ते आकाशही रात्रीसारखं मंद व्हायचं, पडद्याच्या मधेमधे करायचं नाही.

आपल्याकडे कुलाब्याच्या रीगलमध्ये, 1933 साली, कार्ल शारा या कलाकाराने सूर्यकिरणांची सजावट केली होती, फिकट नारिंगी आणि जेड दगडासारखा हिरवा. मुंबईच्याच लिबर्टी थिएटरात, 1949 साली, स्टेजच्या दोन्ही बाजूंना गोठलेल्या कारंज्यासारखं डिझाइन. एक पान नाही, वेल नाही, तरी ऊन आणि पाणी बरोबर पोचतं. पुसायलाही सोपं, आई म्हणेल.

आणि आवाजाचं तर कोणी बोलतच नाही. सपाट कडक भिंत आवाज तसाच परत फेकते, खडकासारखा खडबडीत उंचसखल पृष्ठभाग तो विखुरतो, कापड आणि मऊ पॅनल तो पिऊन टाकतात. म्हणजे कातळ, झाडाची साल, शेवाळ यांच्याकडून घ्यायचं तर हे घ्या. उलट परवा एक क्लायंट म्हणाला होम थिएटर गुहेसारखं गोल करूया, त्याला समजावता समजावता माझा घसा बसला, कारण आतून गोल छत आवाज एकाच ठिकाणी गोळा करतं, म्हणजे मधल्या खुर्चीवाल्याचे कान गेले आणि कडेच्याला काही कळेना. आणि खऱ्या कुंड्या फक्त खिडकी असेल तिथेच, अंधाऱ्या हॉलमध्ये मनी प्लांटही महिन्याभरात मान टाकतो. शिवाय वेली, फोम, पडदे, जे काही लावाल ते आग न पकडणारं हवं, 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरच्या आगीत 59 माणसं गेली, त्यानंतर तरी थिएटरात यावर हयगय नको.

इंटरव्हलमध्ये हे सगळं आईला सांगत होते, एबरसनच्या चांदण्यांपर्यंत आले तर ती पॉपकॉर्न खात म्हणाली, "आमच्या जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये पण होत्या की चांदण्या. कापडाला भोकं होती ना, त्यातून दिसायच्या."

मी म्हटलं वा, हे तर भारीच, पुढच्या कामात वापरते.

"वापर, पण पाऊस आला की तिथूनच गळायचं, तेवढं नको उचलूस."