जामखेड: दवाखान्याआधी हातपंप

नगरहून चिचोंडी पाटील, कडा, आष्टी करत एसटी जामखेडला पोचते. मार्चचे दिवस होते. ज्वारीची काढणी उरकत आलेली, रानात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं अजून परतली नव्हती, त्यामुळे वाटेवरच्या वस्त्यांत कुलूप लावलेली घरं बरीच दिसली. अर्धं वर्ष लेकरांसकट फडावर काढणाऱ्या बाईचं बाळंतपण कोण करतं, लस कोण टोचतं, हे प्रश्न डोक्यात घेऊनच मी 'ग्रामीण आरोग्य प्रकल्पा'च्या आवारात शिरलो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे 1970 साली आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्याआधी नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांना एक गोष्ट छळत होती. बरं करून घरी पाठवलेलं मूल काही दिवसांनी त्याच जुलाबानं पुन्हा येई, कारण घरचं पाणी तेच आणि घरातली उपासमारही तीच. म्हणून अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि मुद्दाम दुष्काळी तालुका निवडला. तेव्हा इथे जन्मणाऱ्या हजार मुलांतली 176 मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. हा आकडा मी आधी वाचला होता, पण त्या आवारात उभं राहून तो पुन्हा आठवला तेव्हा पोटात तुटलं.

तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांकडून ऐकलेली हातपंपांची हकिगत मला सगळ्यात मोलाची वाटते. 1972च्या दुष्काळात गावोगाव बोअर घेताना आरोळ्यांनी जागा दाखवायला आलेल्या भूजलतज्ज्ञाला आधीच सांगून ठेवलं होतं, की पाणी दलित वस्तीत निघालं पाहिजे. पाणी तिथंच लागलं. मग तहानलेलं सगळं गाव हंडे घेऊन त्याच वस्तीत जायला लागलं. एका पंपानं जुलाब हटले आणि शिवाशिवही खिळखिळी झाली. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असं माझं ठाम मत इथूनच झालं.

डॉक्टर गावात राहायला तयार नव्हते, शहरातून आणलेल्या नर्सबाईही टिकेनात. तेव्हा गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची, असं ठरलं. बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेली. त्यांतल्या एक मावशी मला त्यांच्या गावी भेटल्या. ओसरीवर बसून त्यांनी सगळं करून दाखवलं: मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, नाळ कापायचं ब्लेड आणि बांधायचा दोरा का उकळायचा, पोराचा दंड मापून कुपोषण कसं ओळखायचं.

"पहिल्यांदा शिकायला गेलो तवा रातीला समद्यांनी मिळून शिवलेल्या एकाच मोठ्या गोधडीत निजायचं होतं," मावशी म्हणाल्या. "मराठ्याची, महाराची, धनगराची, समद्या एकीत. मी रातभर जागीच!"

"आणि मग?"

"मग काय, थंडी कुणाला इचारती का जात?"

आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, गावातल्या अडचणी मांडायच्या, नवं शिकून परत जायचं, हा त्यांचा क्रम. याच बायांनी शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं सोबत घेऊन पाणी, गर्भारपणातला आहार, लसीकरण आणि कुष्ठरोग्यांची घरच्या घरी काळजी हे सगळं पेललं. नव्वदच्या दशकात बालमृत्यूचा तो आकडा तिशीच्या आत आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. प्रकल्प चालू आहे. आवारातल्या कार्यशाळेत जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, बनतात. गावाकडचेच कारागीर हातोडी मारत बसलेले पाहायला मला फार आवडलं.

एका गोष्टीवर मात्र मी मावशींशी थोडा वाद घातला. या आरोग्यसेविकांना पगार नसे. शेळ्या, बांगड्यांचा धंदा, गटाचं कर्ज यांवर त्या उभ्या राहिल्या, आणि मावशींना त्याचा अभिमान आहे. "पगार घेतला असता तर गावानं नोकरदार म्हनलं असतं, आपली नाय म्हनलं," त्या म्हणाल्या. मला ते पटतं, त्या बाईपुरतं आणि त्या काळापुरतं. पण ज्या प्रयोगांतून पुढे देशभर 'आशा' सेविका आल्या, त्यांत जामखेड आहे. आणि 2023 साली महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर बसावं लागलं. एका संस्थेनं विश्वासावर उभं केलेलं काम सरकार लाखो बायांकडून तुटपुंज्या पैशांत करून घेऊ शकत नाही. त्याला सेवा म्हणणं अन्याय आहे.

मावशींची सून आशा आहे. ती वहीत गरोदर बायांची नावं लिहीत आमचं बोलणं ऐकत होती. "मामी, तुमचा काळ येगळा होता," एवढंच ती म्हणाली, आणि लसीकरणाचा दिवस असल्यानं वही पिशवीत टाकून अंगणवाडीकडे निघाली.