आमची वाटचाल : एक कंपनी अन् मतदानाच्या तीन तारखा

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे, पत्रा मशीनवर दाबून टू-व्हीलरला लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प असले पार्ट काढतो. सुरुवात भाड्याच्या गाळ्यात, एका सेकंडहँड पॉवर प्रेसवर. मग प्लॉट, बँकेचं कर्ज, मंदी, लॉकडाऊन... हे वाळूजचा कुठलाही वेंडर सांगेल, त्यामुळं त्यात जास्त जात नाही. मला लिहायचंय ते दुसरंच. आपण चाळीस-पन्नास माणसं कामाला ठेवतो म्हणजे तेवढे मतदार रोज आपल्या शब्दावर उठबस करतात, अन् त्यांना मोकळेपणानं मत देता येतं का नाही हे बरंचसं मालकाच्या हातात असतं.

2024 ची लोकसभाच बघा ना. परभणी, हिंगोली, नांदेडचं मतदान 26 एप्रिलला, लातूर-धाराशिवचं 7 मेला अन् संभाजीनगर, जालना, बीडचं 13 मेला. आमच्याकडं या सगळ्या जिल्ह्यांतली पोरं काम करायलेत, इथंच रांजणगाव नाहीतर बजाजनगरला खोली करून राहतात पण मतदान कार्ड गावाकडचं. डाय सेटर, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बसवणारा, परभणीतल्या जिंतूरकडचा, तो नसला की मोठा प्रेस उभाच, अन् कस्टमरचं शेड्यूल काही निवडणूक बघून येत नाही. मग आधीच्या आठवड्यात त्याच्याकडून मोठ्या डायचा माल काढून ठेवला, क्रेट भरून डिस्पॅचला लावले अन् 25 तारखेच्या दुपारीच त्याला गाडीत बसवलं. लातूरवाल्यांचं पण तसंच केलं. 13 मेला तर शटरच बंद ठेवलं.

हे काही उपकार नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135ब सरळ सांगतं की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवाल्याला सुद्धा. न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर 500 रुपयांपर्यंत! एवढ्याला कोण भिणार. म्हणून म्हणतो, हा कायदा मालकाच्या मनावरच चालतो. जास्त गळती होते ती कंत्राटदाराच्या पोरांची, त्यांना सुट्टी मिळते पण हजेरी कापली जाते. आम्ही कंत्राटदाराला सांगितलं, बिलात तो दिवस धर, आम्ही पैसे देतो, पण पोरांच्या हातात पडले का ते आम्ही विचारणार. अन् विचारलं पण.

त्याच काळात एका पक्षाची माणसं आली, "साहेब, तुमच्याकडं मतं किती हायेत, लंच टाइमला एक मीटिंग लावून द्या." मी चहा पाजला अन् नाही म्हणलं. ज्याच्या हातानं पगार होतो त्याच्या शेडमध्ये उभं राहून कुणी मत मागितलं तर पोरगं ते मालकाचंच म्हणणं समजतं. वर्गणीचं पण तेच, द्यायची तर चेकनं अन् वहीत नोंद करून, नाहीतर नाही. 2018 ला निवडणूक रोखे आले, म्हणजे नाव जाहीर न होता बँकेतून घेऊन पक्षाला द्यायची देणगी, कोणती कंपनी कुणाला किती देते हे मतदाराला कळेना, अन् 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवले. ती मोठ्यांची गोष्ट, पण नियम लहानाला पण तोच असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आमचं निम्मं वाळूज ज्या बजाजच्या प्लांटमुळं उभं राहिलं त्या राहुल बजाज यांनी 2019 मध्ये मुंबईत, गृहमंत्री समोर बसलेले असताना, उद्योगपती सरकारवर उघड टीका करायला घाबरतात हे बोलून दाखवलं. पटो न पटो, पण तोंडावर बोलले. एवढं बोलायची हिंमत आमच्यासारख्या छोट्यांनी निदान आपल्या नगरसेवकापुढं, आपल्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये तरी दाखवावी. शहराच्या महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली अन् नंतर वर्षानुवर्षं प्रशासकच, तेव्हा आम्ही उद्योजक रस्ते-पाण्यावर बोललो पण निवडणूक घ्या असं म्हणणारे फार थोडे होते. निजामाच्या राज्यातून 17 सप्टेंबर 1948 ला सुटलेल्या भागात तरी हा आवाज मोठा पाहिजे होता.

शेडमध्ये काय बदललं ते पण सांगतो. कायद्यानं वर्क्स कमिटी, म्हणजे कामगार अन् मालकाची मिळून समिती, 100 कामगारांपासून लागते, आम्ही तेवढे नाहीत तरी कमिटी केली, चिठ्ठ्या टाकून, पॅकिंगच्या खोक्याला फट पाडून. सुपरवायझर निवडून येईल वाटलं होतं, आल्या पॅकिंगमधल्या एक ताई. त्यांची पहिलीच मागणी, ओव्हरटाईम आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी थांबवलं की घरी लेकरं उपाशी राहतात. प्लॅनिंगवाला लई कुरकुरला, मला पण ते जमेल असं वाटत नव्हतं, पण कमिटीचा ठराव होता, मानला. आता बोर्डावर आदल्या दिवशी चार वाजता नावं लागतात.

सध्या आयटीआयच्या पोरांच्या मागं लागलोय. आता मतदार नोंदणीला 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै अन् 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळं 18 पूर्ण झाले की वर्षभर थांबायचं काम नाही, फॉर्म 6 भरायचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लंचमध्ये बसून भरून देतो. जुन्यांपैकी काहींनी फॉर्म 8 भरून नाव इकडं आणलं, काहींना ग्रामपंचायतीचं मत गावातच ठेवायचंय, ते त्यांनीच ठरवायचं, आम्ही फक्त सुट्टीचं बघतो.