नुसतं मांजर

गावच्या ग्रुपवर आता मोहोराच्या फवारणीच्या गप्पा सुरू झाल्यात. काल दुपारपर्यंत नुसता गोंधळ होता, बिबट्याचं पिल्लू आलंय, पोरांना एकटं सोडू नका, आई जवळच असणार, फॉरेस्टला फोन लावा. फोटो खालच्या वाडीतल्या पोराने काढलेला, काजूच्या बुंध्याशी बसलेलं काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं. फॉरेस्टचा माणूस आला, बघून म्हणाला ही वाघाटी, पूर्ण वाढलेली आहे, त्रास देऊ नका, आपली आपण जाईल. आणि सगळ्यांचा रसच संपला. एकाने लिहिलं "मांजारच ना ता!" त्यावर हसरे चेहरे, आणि विषय बंद.

मला ते इतकं का लागावं कळत नाही. कालपासून तेच घोळतंय डोक्यात.

नुसतं मांजर म्हणजे काय पण? जगातल्या सगळ्यात लहान जंगली मांजरांपैकी एक ती, दीड किलोच्या आसपास वजन, आपल्या घरातल्या बोक्यापेक्षा लहान. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढे तीन देश सोडले तर जगात कुठेच नाही. अंगावर गंजासारखे तांबूस ठिपके, कपाळावरून मागे जाणारे पट्टे, झाडावर सरसर चढते, रात्रीची हिंडते म्हणून कोणाला दिसत नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तिच्यासाठी मुद्दाम प्रजनन केंद्र काढलंय. एवढी असून ती आमच्या काजूखाली येऊन बसली आणि आम्ही म्हणालो, हात्तिच्या.

दादाचा पण फोन आला होता मुंबईहून. स्वतःहून. बिबट्या ऐकून. मांजर म्हटल्यावर दोन मिनिटांत ठेवला, घरातलं बाकी काही विचारलं नाही. जाऊ दे ते.

सुट्टीत सगळे येतात तेव्हा पण हेच, इथे बघायला काय आहे, समुद्र झाला, देऊळ झालं, आता काय. मी कितीदा म्हटलंय संध्याकाळी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर चला. ऊन उतरलं की गवताच्या कडेकडेने रानमांजर निघतं, लांब पायांचं, आखूड शेपटीचं, टोकाला काळ्या कड्या, कानांच्या टोकांना केसांचे बारीक झुपके. ते वाघाटीसारखं लाजाळू नाही, उजेडात पण दिसतं. गप्प एका जागी बसायचं आणि गवत कुठे हलतंय ते बघायचं, बस. उंदराचा आवाज आला की ते थांबतं, कान पुढे करतं आणि गवताच्या वरून अशी उडी घेते ना स्वारी, की मला प्रत्येक वेळी तोंडावर हात ठेवावा लागतो. पण कोणी येत नाही. वहिनी म्हणते डास चावतात. लोक पैसे खर्चून भावनगरजवळ वेळावदरला जातात, तिथल्या गवताळ माळावर रानमांजर चांगलं दिसतं, भरतपूरला पण दिसतं. तिकडे ओडिशात चिलिकाला मासे पकडणाऱ्या मांजराची मोजणी केली तर अंदाज 176 निघाला, केवढी बातमी झाली त्याची. आणि आमच्याकडे, जाऊ दे, परत तेच लिहितेय मी.

बारसूच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कातळात माणूस कोरलाय ना, त्याच्या दोन बाजूंना पण वाघच. कशेळीला तर केवढा थोरला हत्ती. म्हणजे तेव्हापासूनच मोठ्यांचं कौतुक, आजचं नाही हे. काल रात्री पडल्यापडल्या हे आठवलं आणि का कोण जाणे जरा हलकं वाटलं. हजारो वर्षं कोणी ढुंकून बघितलं नाही आणि तरी वाघाटी आहेच की. आणि खरंच कौतुक झालं असतं तर काय झालं असतं? बिबट्या वाटत होता तोवर दोघंजण काठ्या घेऊन निघालेच होते. मांजर ठरली म्हणून तर परत फिरले. तिला आमचं कौतुक कुठे हवंय, तिला गवत हवंय आणि गवतात उंदीर.

पण नुसतं दुर्लक्ष झालं म्हणून ती वाचेल असंही नाही. हायवे रुंद झाल्यापासून सकाळच्या एसटीने जाताना कडेला काय काय पडलेलं दिसतं. बिबट्या मेला की पंचनामा, पेपरात फोटो. रानमांजर मेलं तर कोणी गाडी हळू पण करत नाही. सड्यावर प्लॉट पाडायचे तर आधी गवत जाळतात, भटके कुत्रे आहेतच, आणि गावातले बोके रानात शिरले की रानमांजराशी संकर होतो ते वेगळंच. तेव्हा बघायला हवं कोणीतरी. गाजावाजा न करता, पण बघायला हवं.

मी बघते. बघायला आवडतं मला. कोणी सोबत नसलं तरी आवडतं, उलट एकटीला जास्त दिसतं हेही खरंच आहे. एवढं कबूल केल्यावर दादाच्या फोनचं तितकंसं वाटेनासं झालं.

आज गड्याला सांगून टाकलंय, वरच्या दगडी गडग्यापलीकडची पट्टी यंदा बेणायची नाही, गवत कापायचं नाही. वणव्याची भीती आहे तर कडेने चांगली रुंद जाळरेषा काढू, आतलं गवत आणि करवंदीची जाळी तशीच राहू दे. तो म्हणाला दादांना विचारलं का. म्हटलं मी सांगेन. नारळ पोखरणारे उंदीर कमी होतील म्हटलं की दादाला पटेल, आणि ते खोटंही नाही.